बंदीच्या आड दडलेला रुग्ण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना लांबलेलं भाषण खपत नसे, असं संयोजकांनी मला आधीच बजावून ठेवलं आहे. तेव्हा प्रास्ताविकाला फाटा देतो. पत्रिकेवर विषय छापला आहे 'बेकायदा अमली पदार्थ आणि समाज'. असा विषय मिळाला की वक्ता पंजाबात जातो, नाहीतर मुंबईतल्या बड्यांच्या पार्ट्यांत. ऐकणाऱ्यालाही ते बरं वाटतं, कारण ते सगळं दुसऱ्याच्या घरचं असतं. मी आज होईल तितकं आपल्या जिल्ह्यातच राहणार आहे.

वर्धा जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे. गांधीजींचा, विनोबांचा जिल्हा म्हणून झालेली बंदी. तिला पन्नास वर्षं उलटून गेली. म्हणजे इथला सगळ्यात जास्त खपणारा बेकायदा अमली पदार्थ कोणता, तर दारू. देवळीकडून निघून वर्धा नदीचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा लागतो. तिकडच्या काठावर जो पव्वा दुकानात बिलासकट मिळतो, तोच अलीकडे आणला की दारूबंदी कायद्याचं कलम 65 (ई) लागतं. पदार्थ तोच, पिणाऱ्याचं यकृतही तेच. बदलतो तो फक्त जिल्हा.

ही दारू येते कशी, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. आसपासच्या जिल्ह्यांतून चारचाकीने येते, दुचाकीच्या डिकीत येते, शाळेच्या दप्तरातही येते. जी येत नाही ती इथेच नाल्याच्या काठी गाळली जाते. मोहफूल, गूळ, नवसागर, पाणी. जमिनीत पुरलेल्या ड्रमात सडवा आंबतो आणि मग भट्टी लागते. पोलीस 'वॉश आऊट' मोहीम काढतात, ड्रम फोडतात, सडवा सांडतात, दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा येतो: इतके लिटर, इतक्या हजारांचा मुद्देमाल. पोलिसांनी हे करावंच. पण वर्षानुवर्षं आपण लिटरच मोजत आलो आहोत. किती माणसं पिण्यातून बाहेर आली, हा आकडा कुठल्याच पेपरात येत नाही, कारण तो कुणी मोजतच नाही.

मी डॉक्टर आहे. त्यामुळे मला ही बंदी चौकीपेक्षा वॉर्डात जास्त भेटते. कशी, ते सांगतो.

हाडांच्या वॉर्डात एक माणूस दाखल आहे. पाय मोडलेला. वय पस्तीस-चाळीस, मजुरी करणारा, स्वभावाने गरीब. पहिला दिवस नीट जातो. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागतात, घाम येतो, झोप उडते. बहुधा तिसऱ्या दिवशी रात्री तो अंगावरची चादर झटकायला लागतो. म्हणतो, मुंग्या आहेत. भिंतीवर बोट दाखवून कुणाला तरी शिव्या देतो, मोडक्या पायाने उठून पळू बघतो. आई म्हणते, बाहेरचं लागलं, अंगारा आणा. मग बायकोला बाजूला घेऊन विचारावं लागतं, 'बाई, मालक दारू घेतात का?' आधी 'नाही जी.' सासू चहाला गेली की हळूच: 'घेते नं जी. रोजच घेते. पण कागदावर नका लिहू, बंदी हाये नं.'

हे लागिर नाही आणि वेडही नाही. दारू मेंदूचं काम रोज मंद करते. तोल राखायला मेंदू स्वतःला रोज थोडं जास्त चेतवतो. अपघात झाला, माणूस खाटेवर पडला आणि दारू एकदम तुटली, की मंदावणारं काही उरत नाही, नुसतं चेतवणं उरतं. थरथर, घाम, झटके, भास. वेळीच ओळखलं तर साधी औषधं आहेत. नाही ओळखलं तर माणूस दगावू शकतो, आणि तोही मोडलेल्या पायाने नव्हे. आणखी एक गोष्ट. रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-1 जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा, दुष्काळ असतो. अशा माणसाला आधी थायमिन न देता नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. थायमिनचं इंजेक्शन काही सोन्याच्या भावाचं नाही. पण ते द्यायचं सुचण्यासाठी आधी कळायला हवं की हा माणूस पितो. आणि पिणं हा गुन्हा असेल तर सांगतो कोण?

बंदीने दारू किती थांबवली यावर तुम्ही-आम्ही रात्रभर भांडू शकतो. बंदीने रुग्ण मात्र लपवला, हे मी रोज बघतो.

आता गैरसमज नको. दारूबंदी उठवा, असं सांगायला मी इथे उभा नाही. गावात दुकान नसणं याला मोल आहे, आणि ते मोल बायकांना विचारा. शनिवारच्या मजुरीचे पैसे नवऱ्याच्या खिशातून घरापर्यंत येईतो रस्त्यात परवानाधारक दुकान लागलं नाही, तर थोडे जास्त पोचतात, एवढा हिशोब कोणतीही बाई सांगेल. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 ला बंदी आली आणि मे 2021 मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. कारण काय दिलं, तर अवैध विक्री वाढली, गुन्हेगारी वाढली, महसूल बुडाला. अवैध विक्री होते म्हणून विक्रीच वैध करायची, हा युक्तिवाद मला पटलेला नाही. हुंडा चोरून घेतला जातो म्हणून हुंड्याचा कायदा आपण मागे घेतलेला नाही. पण बंदीचा फलक लावून पन्नास वर्षं पाठमोरं बसणं, हेही मला पटत नाही. त्यात आपल्या बायकांची एक वेगळीच गोची आहे. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातल्या गावाला दारूचं दुकान नको असेल तर मतदान मागता येतं. उभी बाटली की आडवी बाटली, निम्म्याहून जास्त बायकांनी आडवी म्हटलं की दुकान बंद. वर्ध्यात मुळात दुकानच नाही, मग आडवं कशाला करणार? इथल्या महिला मंडळांच्या हाती उरते तक्रार, आणि तक्रार कुणी केली हे संध्याकाळपर्यंत विकणाऱ्याला कळलेलं असतं.

दुसरी बंदी खर्र्याची. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, आणि सुगंधित तंबाखूवरही बंदी आहे. आणि पानठेल्यावर काय चालतं? सुपारीचा चुरा, चुना, वासाची तंबाखू एका पातळ पन्नीत घेऊन पाटीवर खसाखसा घोटतात. तो आवाज ऐकला नाही असा एक चौक मला विदर्भात दाखवा. घोटून झाला की पन्नीला गाठ, आणि ती पुडी दहावीतल्या पोराच्या वरच्या खिशात. काही वर्षांनी तो पोरगा दवाखान्यात येतो, तिखट लागलं की तोंड भाजतं म्हणतो. त्याला मी तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत घालायला सांगतो. निरोगी माणसाची तीन बोटं जातात. त्याची दोनच जातात, कधी एक. गालाच्या आतलं कातडं दोरीसारखं ताठ झालेलं असतं. ही कर्करोगाच्या आधीची पायरी असू शकते. इथे कुणी लपवत नाही बरं का. इथे बंदीला कुणी विचारतच नाही.

मला काळजी वाटते ती या दोन बंद्यांच्या एकत्र शिकवणीची. या जिल्ह्यात वाढलेल्या मुलाला 'बेकायदा' म्हणजे काय वाटतं? जे मिळतं, फक्त ओळखीने मिळतं आणि थोडं महाग मिळतं. हा धडा त्याने पंधराव्या वर्षापर्यंत पाठ केलेला असतो. मग विसाव्या वर्षी कुणी त्याच्यासमोर वेगळी पुडी धरली, तर कायद्याची भीती त्याला कुठून वाटणार?

ती वेगळी पुडी आता दारात आली आहे. डिसेंबर 2025 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, याच जिल्ह्यात कारंजा (घाडगे) भागात झाडाझुडपांआड चाललेला मेफेड्रॉनचा कारखाना धरला. 128 किलो माल, किंमत सांगितली 192 कोटी. त्याआधी ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळ शिंदे गावातला कारखाना, फेब्रुवारी 2024 मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतला. पूर्वी गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, सरहद्दीपलीकडून यायची, गांजा अजूनही आंध्र-ओडिशाच्या डोंगरातून नागपूरमार्गे येतो. मेफेड्रॉनला, ज्याला पोरं 'एमडी' म्हणतात, शेत लागत नाही आणि सरहद्दही लागत नाही. रसायनं, थोडं शिकलेला माणूस आणि कुणी फिरकत नाही अशी जागा पुरते. आणि कुणी फिरकत नाही अशा जागा आपल्याकडे उदंड, कारण शेती परवडत नाही म्हणून माणसं निघून चालली आहेत.

कायद्याने मेफेड्रॉनला अमली पदार्थांच्या यादीत घेतलं ते फेब्रुवारी 2015 मध्ये. त्या कायद्यात मालाच्या वजनावर शिक्षा ठरते. गांजा 20 किलो झाला की 'व्यापारी प्रमाण' धरतात. मेफेड्रॉनला 50 ग्रॅम पुरतात. दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी आणि जामीन अतिशय अवघड. वीस किलो गांजाला गाडी लागते, पन्नास ग्रॅम एमडी शर्टाच्या खिशात मावते. त्यामुळे मोठ्या विक्रेत्याला आता गाडी नको, खिसा हवा. आणि खिसा कुणाचा, तर ज्याला स्वतःलाच त्याची तलफ आहे त्याचा. स्वतःपुरती पुडी सुटावी म्हणून चार मित्रांना पुड्या पोचवणारा मुलगा कायद्याच्या लेखी विक्रेता असतो. तो दोन्ही असतो, हे त्याच्या आईला कळतं. न्यायालयात मांडणं कठीण जातं.

आईला तरी कळतं कधी? दारूचा वास येतो, गर्दुल्ल्याच्या पन्नीवर काळे ओघळ दिसतात. एमडीला तसं काही नाही. मुलगा दोन-दोन रात्री जागा, भूक मेलेली, जबडा आवळलेला, भरभर बोलणारा. घरच्यांना वाटतं परीक्षेचा ताण. मग उतरतं तेव्हा उलटं: दिवसभर अंथरुणात, चिडचिड, 'माझ्यावर कुणीतरी पाळत ठेवतंय' असा संशय. काहींच्या हृदयाचे ठोके बिघडतात, काहींच्या डोक्यात मरणाचे विचार येतात. गर्द तुटल्यावरची 'टर्की' वेगळी. तिच्यात अंग मोडून येतं, नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, हाडं कुणी पिरगाळतंय असं वाटतं. तिने सहसा जीव जात नाही, पण त्या चार-पाच दिवसांची धास्ती माणसाला पुन्हा पुडीकडे नेते. दारू मात्र अचानक तोडली तर जीव जाऊ शकतो. म्हणून घरी कोंडून, खाटेला बांधून व्यसन सोडवण्याचे जे उद्योग गावोगाव चालतात, ते थांबवा. जेवणात चोरून टाकायच्या गोळ्यांचेही तेच. त्यांतल्या काही गोळ्यांवर तो माणूस प्यायला तर जिवावर बेततं.

आता कायद्याकडे वळतो, कारण इथे एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. 1985 च्या एनडीपीएस कायद्यात कलम 27 आहे: सेवन करणाऱ्यालाही शिक्षा, पदार्थ पाहून सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत. हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच कायद्यात 64-अ हेही कलम आहे. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असेल आणि तो स्वतः होऊन मान्यताप्राप्त संस्थेत उपचाराला गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत जाते, एवढीच अट. म्हणजे कायद्याने दार ठेवलं आहे. त्या दारावर पाटी लावायचं तेवढं आपण विसरलो.

वर्ध्याजवळच्या या नालवाडीत उभं राहून हे बोलताना मला मागे बघावंसं वाटतं. 1932 च्या अखेरीस विनोबा इथे राहायला आले. सूत कातून मिळेल तेवढ्या मजुरीवर जगून बघण्याचा प्रयोग त्यांनी इथेच केला. 1934 मध्ये ग्रामसेवा मंडळ सुरू झालं, पुढे चर्मालय निघालं. मेलेल्या गुराचं कातडं सोलणाऱ्याला शिवायचं नाही असं जग मानत होतं, तेव्हा आश्रमातले लोक ते काम शिकायला बसले. याच काळात खेड्यापाड्यांतून हिंडणाऱ्या या मंडळींना दिसलं की गावोगाव महारोगी आहेत आणि त्यांना वाली नाही. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण ते काम घेऊन उठले आणि 1936 मध्ये इथून जवळच दत्तपूरला त्यांनी कुष्ठधाम उभारलं. सेवाग्रामात गांधीजी ज्यांचं अंग स्वतःच्या हातांनी चोळत, ते परचुरे शास्त्री पुढे दत्तपूरलाच राहायला गेले.

त्या काळात महारोग म्हणजे काय होतं ते आठवा. पाप. गेल्या जन्मीचं कर्म. इंग्रजांनी 1898 मध्ये कायदा केला होता, त्यात भीक मागणाऱ्या महारोग्याला पोलिसांनी वॉरंटाशिवाय धरावं अशी तरतूद होती. रोगाला पोलीस! तो कायदा आपण रद्द केला 2016 मध्ये, म्हणजे औषधाने रोग पुरता बरा होऊ लागल्यावर कित्येक दशकांनी. दिवाणांनी दत्तपूरला सुरुवात केली तेव्हा खात्रीचं औषधही नव्हतं. होतं ते एवढंच: हा माणूस गुन्हेगार नाही आणि पापीही नाही, आजारी आहे, ही समज. समज आधी आली, औषध मागून आलं.

व्यसनाच्या बाबतीत नेमकं उलट झालं आहे. औषधं आली, समुपदेशनाच्या पद्धती आल्या, समज मात्र आली नाही. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 मध्ये निघाला. देशात सुमारे 5.7 कोटी लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, असं त्यात म्हटलं आहे. दारूच्या पुरते आहारी गेलेल्या 38 जणांत एकाला काहीतरी उपचार मिळतात. बेकायदा पदार्थांच्या आहारी गेलेल्या 20 जणांत एकाला. बाकीच्यांना काय मिळतं? कीर्तन, मार, शपथ, लॉकअप, माहेरी निघून गेलेली बायको. आणि मेल्यावर पंचनामा. शेतकऱ्याने जीव दिला आणि कागदावर 'दारूचे व्यसन' एवढं आलं की प्रकरण अपात्र ठरतं, हे विदर्भाने पाहिलेलं आहे. कर्जाने पिणं वाढलं की पिण्याने कर्ज, हे विचारायला कुणाला वेळ आहे?

आपल्याच महाराष्ट्रात याचं उत्तर शोधलेली माणसं आहेत. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द शिरली तेव्हा अनिल अवचटांनी गर्दुल्ल्यांमध्ये बसून त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि 29 ऑगस्ट 1986 ला डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. तिथला मुक्काम पस्तीस दिवसांचा. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं: व्यसनातून बाहेर आलेली माणसंच नव्यांना सांभाळतात, पत्नींसाठी वेगळी बैठक असते, आणि घसरून परत आलेल्याला दार बंद नसतं. घसरणं हा या आजाराचाच भाग आहे. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली तर आपण त्याला नालायक म्हणत नाही.

आणि आपल्याला अधिक जवळचं उदाहरण गडचिरोलीचं. तिथेही दारूबंदी आहे, 1993 पासून, लोकांनी लढून मिळवलेली. पण तिथे डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की नुसत्या बंदीने भागत नाही. म्हणून 2016 पासून 'मुक्तिपथ' सुरू झालं. गावाची संघटना, पोलिसांची अंमलबजावणी आणि तालुक्याला व्यसनाचा दवाखाना, तिन्ही एकदम. दवाखाना हा त्या बंदीचाच भाग मानला गेला. आपण बंदी घेतली, दवाखाना घ्यायचा राहिला. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात संपतं, आणि यावर वर्ध्यात कुणी माझ्याशी वाद घालणार असेल तर मी चहापानानंतर थांबलेलो आहे.

सरकारने काय करावं याची यादी वाचायला मी आलेलो नाही. ती यादी लांब आहे आणि सरकार इथे बसलेलं नाही. तुम्ही बसलेले आहात. म्हणून तुमच्याकडे मागणं मागतो. घरातलं कुणीही, कोणत्याही कारणाने दवाखान्यात दाखल झालं तर ते काय आणि किती पितं, ओढतं, चघळतं हे डॉक्टरांना पहिल्या दिवशी सांगा. आम्ही पोलीस नाही. रुग्णाचं गुपित राखणं आमच्या धर्मात बसतं. आणि आमच्या डॉक्टर मंडळींना सांगणं की हा प्रश्न ताप-खोकल्याइतक्या सहजपणे विचारा, भुवया न उंचावता. विकणाऱ्याची तक्रार करायला जाणाऱ्या बाईबरोबर चार माणसं चालत जा. एकट्या बाईचं नाव फुटतं, पंचवीस जणांचं नाव कुणी फोडत नाही. पोरगा पुडीसकट सापडला तर आधी वकिलाला 64-अ विचारा, मग कपाळाला हात लावा.

आणि ग्रामपंचायतीला एक विनंती. गावच्या भिंतींवर दारू विकणे गुन्हा आहे, असं रंगवलेलं असतं. ते राहू द्या. त्याच्याखाली केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक तेवढ्याच मोठ्या अक्षरात रंगवून घ्या. 14446. फोनला पैसे पडत नाहीत.